पोकळ नाकाची गोळी

"पोकळ काम पाहिजे असेल तर घुंगरूवाल्याकडे जा," असं नांदेडच्या गुरुद्वाऱ्यामागे बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी हणमंतराव देशमुखांना वैतागून सांगितलं होतं. ती बोलायची एक रीत होती. पण देशमुखांना आडून बोललेलं कधी कळायचं नाही. ते खरंच घुंगरूवाल्याकडे आले.

घुंगरूवाला म्हणजे रेणापूरचा चंद्रप्पा ओतारी. बैलांच्या घुंगरमाळा, देवघरातले टाक, देवळातल्या घंटा हे त्या घरचं काम. बाजारात बसून बोलणं चंद्रप्पाकडे. मेण वळणं, माती लिंपणं, भट्टी फुंकणं आणि रस ओतणं त्याची बायको तारामती हिच्याकडे. चंद्रप्पा माणूस सोन्यासारखा, म्हणजे मऊ आणि कुणीही वाकवावा असा. समोर मोठा फेटा दिसला की त्याच्या तोंडून होकाराचं 'हाव' निघून जाई, आणि आपण कशाला हाव म्हणालो ते तो घरी येताना आठवत येई.

देशमुख बैलांच्या दमणीतून उतरले. मागून त्यांचा गाडीवान रामकिशन तांबडं रेशमी फडकं दोन्ही हातांवर घेऊन आला, बारशाचं मूल आणावं तसं. फडक्यातून निघाला गोळ्या ओतायचा साचा. सांडशीसारख्या दोन मुठी आणि पुढं लोखंडाच्या दोन पाकळ्या. पाकळ्या मिटल्या की आत गोळीच्या आकाराची पोकळी, टोक खाली आणि बूड वर. वरून शिसं ओतायचं, निवलं की पाकळ्या उघडायच्या.

"विलायतेचा माल," देशमुख म्हणाले. "वडलांना एका साहेबानं रायफलीबरोबर दिला. यातनं भरीव गोळी निघती. मला पोकळ पाहिजे. नाकाला भोक असलेली."

"हाव," चंद्रप्पा म्हणाला.

"कशाला?" तारामती म्हणाली. ती घुंगरांच्या साच्यांना माती लिंपत बसली होती आणि तिनं मान वर केली नव्हती.

देशमुखांना बाईनं 'कशाला' विचारायची सवय नव्हती. पण गरज त्यांची होती. "तालुकदारसाहेबांच्या मुक्कामावर ऐकलं. नाकाला भोक असलं की गोळी आत गेल्यावर फुलती. डुक्कर जागच्या जागी बसतं. भरीव गोळी नुसती आरपार जाती, डुकराला पत्ता बी लागत न्हाई."

"तुमची गेली का एकदा तरी आरपार?"

रामकिशनला खोकल्याची उबळ आली.

त्या खोकल्यामागं मोठा इतिहास होता, तो तारामतीला नंतर कळला. देशमुखांचं गाव शिरूर अनंतपाळकडे, घरणी नदीच्या काठी. त्या हंगामात त्यांनी डुकरांवर अकरा गोळ्या झाडल्या होत्या. एक मारुतीच्या कळसाला चाटून गेली. एक कुलकर्ण्यांच्या वाळत घातलेल्या धोतरातून गेली, तेव्हापासून कुलकर्णी धोतर घरात वाळवत. एकीनं चिंचेवरचं आग्यामोहोळ उठवलं आणि गाव दोन दिवस कडी लावून बसलं. डुकरं मात्र काठाचा भुईमूग निवांत उकरत राहिली. बार ऐकू आला की त्यांना बरंच वाटत असावं: आज देशमुख आलेत, आज भ्यायचं कारण नाही.

आणि आता महिन्याभरात अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे निजामी कलेक्टर, शिकारीला यायचे होते. देशमुखांच्याच रानात, देशमुखांच्याच आमंत्रणावरून. नेमबाजीच्या गप्पा मारता मारता ते आमंत्रण त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं.

"करते," तारामती अखेर म्हणाली. डुकराचं तिला काही नव्हतं. पण गेली वीस वर्षं ती पोकळ वस्तूच ओतत होती. घुंगरू पोकळ, घंटा पोकळ. पोकळी नीट मध्यावर बसली नाही तर घंटा वाजत नाही, रडते. गोळीत पोकळी बसवायची हे तिनं कधी केलं नव्हतं, आणि न केलेलं काम समोर आलं की तिच्या बोटांना खाज सुटायची.

पहिले आठ दिवस तिनं साच्याची आणि साच्यानं तिची परीक्षा पाहिली. घुंगरात घालते तसा मातीचा गाभा तिनं आधी घालून पाहिला. इवल्याशा गोळीत इवलासा गाभा. शिसं पडताच त्याचा चुरा. मग तिच्या लक्षात आलं, गाभा लोखंडाचा पाहिजे आणि तो खालून यायला पाहिजे. तिनं साच्याच्या पाकळ्या मिटून घट्ट बांधल्या आणि साच्याच्या तळाला, गोळीचं नाक येतं तिथं बरोबर मध्यावर, दोन पाकळ्या मिळतात त्या रेषेवर, सामता, म्हणजे दोरीनं फिरवायचं गिरमिट, लावला.

"अगं, विलायतेचा हाय!" चंद्रप्पा कळवळला.

"विलायतेत भोकं पाडत न्हाईत का?"

चंद्रप्पा उठून रेणुकाईच्या देवळात जाऊन बसला. भोक पडेपर्यंत घरी आला नाही.

भोकातून वर सरकवायला सळई पाहिजे होती, टोकाकडे निमुळती, नाहीतर गोळी तिला धरून बसणार. तिनं शेजारच्या सिंधुकाकूच्या चरख्याची पोलादी चाती उचलली. सिंधुकाकू सूत कातायची कमी आणि चरख्यापुढं बसून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची जास्त. चाती गेल्याचं तिला पाच दिवसांनी कळलं. तोवर तारामतीनं ती तोडून, घासून, मागं लाकडी मूठ बसवून तयार केली होती.

पितळेच्या मानानं शिसं म्हणजे गरीब गाय. तरी त्यानं छळलं. चाती थंड असली की गोळीच्या तोंडाला म्हातारीच्या गालासारख्या सुरकुत्या पडत. गरम असली की गोळी तिला अशी चिकटे, जशी नवी सून माहेरच्या उंबऱ्याला. तिनं चातीला एरंडेलाच्या दिव्याची काजळी धरली. मग गोळी सुटायला लागली, पण पोकळी जरा एका अंगाला. तारामतीनं काशाची ताटली पालथी घातली आणि त्यावर गोळ्या घरंगळवल्या. ज्यांची पोकळी मध्यावर नव्हती त्या दारू प्यालेल्या हवालदारासारख्या वाकड्या गेल्या. त्या सगळ्या तिनं पुन्हा वितळवल्या. अखेर एका सकाळी ताटलीवर गोळी नीट, सरळ, कुलवंत चालीनं या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. तारामतीनं ती उचलली, नाकातल्या भोकात डोळा घालून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, "आहाहा! काय बाई रूप!" अशा वीस गोळ्या तिनं ओतल्या आणि निरोप धाडला.

देशमुख काडतुसं भरून घेऊनच आले. रेणा नदीच्या काठी पन्नास पावलांवर एक फुटका रांजण ठेवला. देशमुख मांडी घालून बसले, रायफल खांद्याला लावली, बार काढला. रांजण तसाच. दुसरा बार. रांजण तसाच. तिसऱ्या बाराला नदीपलीकडच्या बाभळीवरून बगळे उठले. सहाव्या बाराला पलीकडे शेरडं राखणाऱ्या म्हातारीनं उभं राहून काय शिव्या दिल्या त्या वाऱ्यानं नीट ऐकू आल्या नाहीत, एवढीच देशमुखांची इभ्रत राहिली.

"गोळी वाकडी जाती," देशमुख रायफल खाली ठेवत म्हणाले. "पोकळी चुकली तुझी."

तारामतीला हे झोंबलं. घंटेला कुणी नाव ठेवलं असतं तर तिनं हसून सोडलं असतं, पण या गोळ्यांसाठी तिनं चाती चोरली होती. "पोकळी चुकली न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी द्या बंदूक."

दुसरा कोण? चंद्रप्पा आधीच झाडामागं होता. रामकिशन पुढं झाला. तो तरुणपणी निजामाच्या फौजेत होता, घोडदळात. त्यानं रायफल घेतली, श्वास सोडला आणि बार काढला. रांजणाच्या ठिकऱ्या उडाल्या.

रामकिशननं रायफल धन्याच्या हातात परत दिली आणि चोरी केल्यासारखं तोंड करून बैलांकडे गेला. देशमुखही गाडीत जाऊन बसले. तारामतीनं बैलाशेजारी रामकिशनला गाठलं.

"मी बाजूला हुभी होते," ती हलक्या आवाजात म्हणाली. "बार काढताना मालक डोळे मिटतात. दोन्ही."

"ठाऊक हाय."

"कवापासनं?"

"नऊ वर्सांपासनं."

"मग सांगत का न्हाईस?"

"बाई, मी त्यांचं मीठ खातो. त्यांचे डोळे कशाला मोजू?"

तारामती कुणाचं मीठ खात नव्हती. ती गाडीपाशी गेली आणि म्हणाली, "राव, गोळीला मी एक डोळा पाडून दिला. तुमचे दोन हायेत, ते उघडे ठेवा की."

देशमुखांचा चेहरा तांबडा झाला, मग पांढरा. चंद्रप्पाला वाटलं, आपलं घर आता उन्हात. पण देशमुख बैलांच्या शिंगांकडे बघत म्हणाले, "ऱ्हात न्हाईत. लई बघितलं करून. ऱ्हात न्हाईत."

"आमचे बी ऱ्हात न्हवते. रस ओतायला शिकताना समद्यांचे डोळे मिटतात. उद्या सकाळी भट्टीवर या."

आणि हणमंतराव देशमुख, सात गावांचे वतनदार, दुसऱ्या दिवशी सकाळी रेणापुरात ओताऱ्याच्या भट्टीपुढं धोतराचा काचा मारून उकिडवे बसले. तारामतीनं फेटा काढायला लावला. "पेटला तर मी भरून देनार न्हाई." हातात शिशाची पळी दिली, साच्याची मूठ दिली आणि समोर बसली.

"रस पडताना धारेकडं बघायचं. भोकाकडं न्हाई, माझ्याकडं न्हाई. धारेकडं. डोळा मिटला की सांगते."

पहिली पळी साच्याबाहेर सांडली. "मिटला." दुसरी अर्धी सांडली. "मिटला." तिसरीला देशमुखांच्या कपाळाचा घाम पळीत पडला आणि शिसं फटाक्यासारखं तडकलं. देशमुख उडून मागं बसले. शिशाचा थेंब तारामतीच्या मनगटावर पडला होता. तिनं तो नखानं काढून पुन्हा पळीत टाकला.

"जळलं न्हाई?"

"जळलं की. डोळे मिटले असते तर कुठं जळलं ते कळलं नसतं."

दुपारपर्यंत सांडून सांडून ओट्यावर शिशाची पोळी झाली. विसाव्याला देशमुख भिंतीला टेकले आणि कुणी विचारलं नसताना बोलू लागले. त्यांच्या वडलांना एक खेळ आवडायचा. पाहुणे जमले की पोराला शेजारी उभं करायचं, त्याच्या कानापाशी बार काढायचा, आणि पोर दचकलं की मुस्काटात द्यायची. पाहुणे हसायचे. "बार झाला की चापट आली. आता बार झाला की डोळे आपोआप मिटतात. चापटीची वाट बघतात बहुतेक."

"मेले का वडील?"

"बारा साल झाली."

"मग आता कोन मारनार?" तारामती म्हणाली आणि पळी त्यांच्या हातात दिली. "उठा. रस निवतो."

देशमुख सहा दिवस येत राहिले. रात्री लातूर रस्त्यावरच्या धर्मशाळेत उतरत, सकाळी भट्टीवर. सगळं रेणापूर काही ना काही निमित्तानं त्या गल्लीतून जाऊन आलं. सिंधुकाकू चातीचं भांडण काढायला आली आणि देशमुखांना काजळी लागलेल्या तोंडानं बसलेलं पाहून भांडण विसरली. चौथ्या दिवशी त्यांची एक गोळी ताटलीवर सरळ गेली. देशमुख इतके हरखले की ती हातात घेऊन गल्लीत दाखवायला निघाले. ती अजून तापलेली होती, हे त्यांना दारात गेल्यावर कळलं. सहाव्या दिवशी त्यांनी नदीवर दुसरा रांजण ठेवून पाच बार काढले. तारामती बाजूला उभी राहून डोळ्यांवर डोळा ठेवून होती. दोनदा मिटले, तीनदा नाही. त्या तीनदा रांजण फुटला नाही, पण रांजणाशेजारचा दगड उडाला.

"दगड का होईना," ती म्हणाली. "धोतरापरीस बरं."

तालुकदारसाहेबांची शिकार ठरल्या दिवशी झाली. पोकळ गोळीचे कारागीर साहेबांना दाखवायचे म्हणून देशमुखांनी चंद्रप्पा आणि तारामतीला बोलावून घेतलं होतं. कारागीर म्हणून मुजरा चंद्रप्पानं केला. तारामती बांधावर लिंबाखाली दमणीत रामकिशनजवळ बसली. तिथून सगळं रान दिसत होतं: डावीकडे हाका घालणारी माणसं, मधे भुईमूग, उजवीकडे करवंदीची जाळी, आणि जाळीच्या अलीकडे दगडाच्या आडोशाला देशमुख. साहेबांचा मान पहिल्या बाराचा. त्यांची जागा ओढ्याच्या तोंडाशी होती.

हाका सुरू झाला. डबे वाजले, माणसं ओरडली, आणि भुईमुगातून एक एकुलगा, कळप सोडलेला एकटा नर, निघाला, रेड्याएवढा, सुळे पांढरे. ओढ्याकडे न जाता तो देशमुखांच्या समोरून तिरका जाळीकडे आला. देशमुखांनी रायफल उचलली. तारामती गाडीत उभी राहिली. डोळे उघडे. इतक्या लांबूनही तिला ते दिसत होतं, किंवा तिला तसं वाटलं. डुक्कर पन्नास पावलांवर, चाळीस, तीस. "मारा!" रामकिशन दात आवळून म्हणाला. वीस.

देशमुखांनी बार काढला नाही.

डुक्कर त्यांच्यापासून दहा पावलांवरून जाळीत घुसलं. तारामती मट्कन खाली बसली. गेलं सगळं, तिच्या मनात आलं. बापाची चापट जिंकली.

तेवढ्यात जाळीतून किंकाळी आली. आणि जाळीच्या पलीकडून अव्वल तालुकदारसाहेब निघाले. डोक्यावर तांबडी रुमी टोपी, तिचा गोंडा वाऱ्यावर, एका हातात पितळी लोटा आणि दुसऱ्या हातात विजारीची नाडी. मानाची जागा सोडून साहेब निकडीच्या कामानं जाळीमागं बसले होते. डुक्कर त्यांच्या बाजूनं गेलं, लोट्याला धडक दिली आणि ओढा ओलांडून पसार झालं.

लिंबाखालून आणि दगडाआडून, दोनच ठिकाणांहून हे दिसलं. हाकेवाले मागं होते, साहेबांचे लोक ओढ्याशी. रामकिशननं जाणीवपूर्वक आभाळाकडे पाहिलं. तारामतीनं पदर तोंडात कोंबला आणि गाडीत आडवी पडून हसली, हसता हसता तिला उचकी लागली.

मग तिचं हसू एकदम थांबलं. जाळीकडे येणाऱ्या डुकराच्या बरोबर मागं, फांद्यांआड, ती तांबडी टोपी होती. डोळे मिटलेला देशमुख असता तर आज...

जेवणावळीला साहेबांचे मुनशी आणि पेशकार रंगात आले होते. दहा पावलांवरचं डुक्कर देशमुखांनी सोडलं, ही बातमी हाकेवाल्यांकडून पोचली होती. "देशमुखसाब," मुनशी म्हणाला, "गोली खोखली सुनी थी. जिगर भी खोखला निकला!" सगळे हसले. तारामती पाण्याची घागर घेऊन कडेला उभी होती. तिनं तोंड उघडलं. देशमुखांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, जेमतेम, माशी उडवावी एवढी. ज्या माणसानं कुलकर्ण्यांच्या धोतराला लागलेली गोळीसुद्धा 'मुद्दाम मारली' म्हणून गावभर सांगितली होती, तो आज गप्प बसून भाकरी मोडत होता.

तालुकदारसाहेब आपल्या ताटाकडे बघत होते. त्यांच्या कानशिलावर करवंदीचे ओरखडे होते. घोड्यावरून उतरताना लागलं, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांनी ताटातला मटणाचा मोठा तुकडा उचलला आणि आपल्या हातानं देशमुखांच्या ताटात ठेवला. हसणं आटलं.

"हणमंतरावसाब ने ठीक किया," साहेब म्हणाले. "गोली कब नहीं चलाना, ये सब को नहीं आता."

मुनशीनं लगेच "बेशक, बेशक" म्हटलं. त्याला काय कळलं ते खुदा जाणे. हात धुवायला सगळे उठले तेव्हा साहेबांनी मागं राहून देशमुखांना काहीतरी विचारलं आणि देशमुख हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "न्हाई साहेब. मला तर डुकराबिगर काहीच दिसलं न्हाई." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

परत जाताना देशमुख गाडीपाशी आले. तारामतीला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.

"टोपी तांबडी होती म्हणून बरं," ते म्हणाले. "हिरवी असती तर लागली असती." आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून त्यांनी गाडी वाटेला लावली.

भुईमूग काढणीला आला तेव्हा, तीन आठवड्यांनी, देशमुख रेणापुरात आले. रेशमी फडकं नव्हतं, रामकिशनही नव्हता. स्वतः गाडी हाकत आले होते. गाडीत पळसाच्या पानांत बांधलेली डुकराची तंगडी होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली.

"मारलं?" तारामतीनं विचारलं. ती एका देवळाची घंटा घासत होती.

"मारलं. तोच एकुलगा. एकटाच व्हतो, शेतात."

"किती गोळ्यांत?"

"तीन. एक बांधात गेली. एक कुठं गेली देवालाच ठाऊक. तिसरी मानेत. जागेवर बसलं."

"अन् डोळे?"

"उघडे व्हते. तिन्ही बारी." देशमुखांनी तंगडीवरचं पान सारखं केलं. "लई वंगाळ दिसतं गं, तारामती, समोर मरतं ते. मला कुणी सांगितलं नव्हतं."

तारामतीनं घासणं थांबवलं नाही, पण हात हळू झाला. मग तिनं विचारलं, "काडतुसात गोळ्या कोनाच्या घातल्या व्हत्या? मी ओतलेल्या का तुमी ओतलेल्या?"

"मिसळल्या व्हत्या."

"मग चुकल्या त्या कोनाच्या?"

देशमुखांनी मिशीवरून हात फिरवला. "चुकल्या त्या दोन्ही तुझ्या. लागली ती माझी."

तारामतीनं देशमुखांना एक शिवी दिली, तीही त्यांच्या सात गावांसकट. चंद्रप्पा आत पळाला. देशमुख हसत हसत ओट्यावर बसले आणि प्यायला पाणी मागितलं.

तंगडी मात्र तिनं आधी आत नेऊन टांगली, मग पाणी आणलं.